सातवी फ्रेम कोरी

१

"आधी रीळ ओढायचं, मंग चकती वर उचलून फिरवायची. उलटं करशील तं याचं काळीज तुटते, पोरी."

पोळ्याच्या आठवड्यात भोजराज मास्तर गेले, त्याला आता चार महिने होऊन गेले होते. तरी स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं की प्रेमिलाला आपल्या बाबांचा हा आवाज ऐकू येई. दवनीवाड्याच्या चौकातला तो स्टुडिओ आता तिच्या एकटीच्या हातात होता. आधारचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे फोटो, लग्नपत्रिकेवरची जोडपी, सगळं डिजिटल. रीळ धुवायचं काम आता एकाच कॅमेऱ्याचं येई. बाबांच्या जुन्या रशियन कॅमेऱ्याचं. बाबांनी जाताना तो तिला दिला नव्हता.

निशाला दिला होता. टोलीवरच्या वस्तीतल्या निशाला. रक्ताची ना नात्याची, चार वर्षं फोटो शिकायला येणारी एक पोरगी.

करीच्या दिवशी, संक्रांत उलटल्यावर, प्रेमिलाने निशाचं रीळ धुतलं, पाण्यातून काढलं आणि ओलंच बल्बसमोर धरलं. पहिल्या काही फ्रेम नीट होत्या. पुढचं सारं काळंकुट्ट. भिंग लावून पाहिलं, तर जिथे सारसाची जोडी दिसायला हवी होती तिथे धुराच्या दोन रेघा होत्या. पंख कुठे, मान कुठे, काही कळत नव्हतं.

तिच्या छातीतून एक गार झुळूक गेली. सुखाची. तिला लगेच लाज वाटली, पण झुळूक जायची ती जाऊन चुकली होती.

कारण ते साधं रीळ नव्हतं. गावाबाहेरच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, सारसाची एक जोडी राहत होती आणि दर संक्रांतीला, सूर्य उगवल्यावर, बाबा तिचा पंख उघडलेला एक फोटो काढत. असे बावीस फोटो स्टुडिओच्या भिंतीवर ओळीने लागलेले होते. तेविसाव्याचा खिळा बाबांनी स्वतः ठोकून ठेवला होता. "ज्याच्या हाती कॅमेरा, त्यानं साखळी तोडायची नाही," असं ते म्हणत.

साखळी तुटली होती.

दुपारी निशा आली ती गळ्यात कॅमेरा आणि ओठावर हसू घेऊन. रीळ पाहिलं आणि हसू तिथेच विरलं.

"ताई, हे कसं झालं?"

"तू तीसवर काढलेस फोटो," प्रेमिला म्हणाली. "उडत्या पाखराला पाचशे लागतं. तीसवर पडदा इतका वेळ उघडा राहतो की पाखरू अर्धं आभाळ ओलांडून जातं. रेघच येणार."

"मले शिकवू नको. मी पाचशेवरच लावला होता, भोगीच्या दिवशी, इथं बसून. मास्तर म्हणायचे, पहाटे बोटं गारठतात, आकडे दिसत नाहीत, वेग आदल्या दिवशीच लावून ठेव. सहावी फ्रेम पाह्य. काकूंचा हात, तुळशीपाशी. थेंब नं थेंब मोजता येते."

खरंच होतं. सहाव्या फ्रेममध्ये प्रेमिलाच्या आईच्या, शांतीबाईंच्या हातून सांडणारं पाणी हवेत थिजलं होतं, तुटलेल्या माळेच्या मण्यांसारखं.

"मग मधे कोणी फिरवला?"

निशाने गळ्यातला पट्टा काढला, छत्रीच्या काळ्या कापडाची टोपी घातलेला कॅमेरा आणि आपली छोटी वही काउंटरवर ठेवली.

"त्या दिवशी जेवून मी तासभर गुजरीच्या बाजारात गेली. कॅमेरा याच टेबलावर होता. घरात तुम्ही दोघीच होत्या. तुले पाहिजे होता नं हा? घे. मास्तरनं मले दिला तवापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. रथसप्तमीपर्यंत वाट पाहतो मी. तवर सांगितलं तं ठीक. नाही तं तुझ्या बाबांच्या फोटोखाली उभी राहून साऱ्या गावाले सांगीन, की मास्तरच्या पोरीनं मास्तरची साखळी तोडली."

ती गेली. प्रेमिलाला मागून ओरडून सांगायचं होतं, मी नाही केलं. पण ती झुळूक आठवली आणि ती काउंटरमागेच राहिली.

२

वाती लावून झाल्यावर प्रेमिलाने कॅमेरा पुढ्यात घेतला.

वेगाची चकती अजून तीसवरच होती. ही चकती सहज फिरणारी नव्हे. वर उचलल्याशिवाय ती हलत नाही, म्हणजे पिशवीत घासून फिरली म्हणायची सोय नाही. कोणीतरी बोटांनी उचलूनच फिरवली होती.

तिने रिकामाच कॅमेरा ओढून दाबला. खट्-टक्. पुन्हा. खट्-टक्. आतलं यंत्र ठणठणीत होतं.

आणि इथेच ती थबकली. ठणठणीत कसं? ज्याला निशाचं वाईट करायचं होतं, त्याने घाईत चकती उचलून फिरवली असती तर काळीज तुटलं असतं. बाबांचा नियम मोडून हा कॅमेरा कधी शाबूत राहत नाही. म्हणजे फिरवणाऱ्याने आधी रीळ ओढलं होतं. नियमाने. जपून.

तिने निशाची वही उघडली. बाबांची शिकवण, प्रत्येक फ्रेमची नोंद. पाच नोंदी गुजरीच्या आणि चौकाच्या. 'सहा. काकूंचा हात, पाणी. पाचशे. (काकूंना बाजूला सरकायला सांगितलं, सावली पडत होती.)' पुढे संक्रांत: 'सात. बोडी, जोडी लांब. पाचशे.' असं करत एकवीसपर्यंत.

रिळावर मोजल्या तर फ्रेम बावीस.

तिने रीळ पुन्हा दिव्यासमोर धरलं. सहावीत थेंब. आठवीपासून धूर. आणि मधली सातवी काचेसारखी स्वच्छ. तिच्यावर प्रकाशाचा कणसुद्धा पडला नव्हता. भिंगावर टोपी असताना कोणीतरी कॅमेरा दाबला होता.

कोऱ्या फ्रेमकडे पाहता पाहता प्रेमिलाला भोगीची दुपार आठवली. ती अंधाऱ्या खोलीत बाबांच्या जुन्या रिळांचे प्रिंट काढत होती. कागद औषधात असताना दार उघडता येत नाही, ती तासभर बाहेर आली नव्हती. आणि मधेच दारापलीकडून आवाज आला होता. खट्-टक्. निशा लवकर परतली वाटतं, असं तिने मनात म्हटलं होतं.

पाचशेचा आवाज तसा नसतो. पाचशे एका दमात, टक्. दोन तुकड्यांत येतो तो तीसचा.

निशा तेव्हा गुजरीत होती. स्टुडिओत बाहेरच्या बाकावर प्रिंट न्यायला आलेला ओमेश होता, आत रांधणीत चुलीपाशी आई.

आणखी कोणी नव्हतं. आणि तिसरी ती स्वतः, जिचं अंधारातलं असणं कोणीही खरं मानणार नव्हतं.

३

ओमेश गोरेगावचा. लग्नांचे फोटो काढणारा, अंगात झगझगीत जॅकेट, मोटरसायकलच्या मागे ड्रोनची पेटी. आठवड्यातून एकदा तो मोठे प्रिंट काढायला दवनीवाड्याला येई. पुढच्या फेरीला आला तेव्हा प्रेमिलाने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"निशाच्या रिळाचं ऐकलं का?"

"सारं गाव बोलून राहिलं." त्याने बशीत चहा ओतला. "तुमचं नाव घेऊन राहिले, ताई. मी म्हटलं, असं नका बोलू. ताईले राग आहे, पण तो तोंडावर असते."

"तुला राग नव्हता?"

"मले?" ओमेश हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. "आठ वर्षं मास्तरच्या मागं मागं फिरलो. मले काय म्हणाले माहीत आहे? ओमेश, तू पाखराच्या डोक्यावर भिंगरी फिरवतं अन् त्याले फोटो म्हणतं. अन् ती पोरगी चार वर्षांत कॅमेरा घेऊन गेली! जळलो मी, नाही कायले म्हणू? त्या रात्री जेवलो नाही. बायको म्हणे, सवत आणली काय मास्तरनं तुमच्यावर?"

"भोगीला तू बाकावर होतास. कॅमेरा समोर होता."

"होता नं. पण मी काऊन हात लावीन? मागं एकदा लावला होता, तं सहा महिने कलकत्त्याले दुरुस्तीले जाऊन पडला. मास्तर काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, पुन्हा हात नको लावू."

"का मोडला ते नाही सांगितलं?"

"नाही जी. अन् विचारायची हिंमत कोणाची?"

प्रेमिलाने कॅमेरा त्याच्यासमोर सरकवला. "लाव बरं जरा पाचशेवर."

ओमेशने हात पँटला पुसले. चेहऱ्यावर आठ वर्षांची हौस आली. त्याचं बोट रीळ ओढायच्या गुंडीकडे गेलंच नाही. अंगठा आणि बोट थेट चकतीवर गेलं, चकती वर उचलली...

"थांब!" तिने कॅमेरा हिसकावून घेतला.

"काय झालं? तुम्हीच तं म्हणालात!"

"काही नाही. चहा घे."

ओमेशने चहा घेतला, पण रुसून. उठताना मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेला रिकामा डबा त्याने काढून दिला. "हा घ्या काकूंचा. तिळाचे लाडू मस्त होते. पण सांगा त्याहिले, फडक्याची गाठ जरा सैल मारत जा म्हणा. पोरं रडकुंडीले आली. शेवटी मी दातानं सोडली. गाठ नाही ते, कुलूप आहे!"

तो हसत गेला. प्रेमिला डबा हातात घेऊन उभी राहिली.

तिने मोबाईल उचलला आणि निशाला फोन लावला. निशाने उचलला, पण 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"एवढंच सांग," प्रेमिला म्हणाली. "कॅमेऱ्याच्या टोपीला नाडी आहे. तू ती कशी बांधतेस?"

"सरकफास देतो. एका हातानं ओढलं की सुटते. काऊन?"

"आणि संक्रांतीला पहाटे?"

निशा म्हणाली, "सुटेच ना. मले वाटलं बोटं गारठली. जोडी उडून जाते का काय म्हणून मी ते..." ती थांबली. "दातानं सोडली. पण तुले कसं माहीत?"

प्रेमिलाने फोन ठेवला. रांधणीतून तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता. सूप एका लयीत वरखाली होत होतं.

४

शांतीबाई रोज पहाटे उठत आणि सूर्याला अर्घ्य देईपर्यंत कोणाशी बोलत नसत. लग्न झालं त्या वर्षीचा नेम. नवरा गेला त्या सकाळीही त्यांनी तो मोडला नव्हता. हंबरडा फोडला तो पाणी सोडून आल्यावर.

प्रेमिलाने सुपाच्या बाजूला ते रीळ ठेवलं. मग डब्याचं फडकं.

"आई, कॅमेरा मोडला नाही. म्हणजे फिरवणाऱ्याला नियम माहीत होता. ओमेशला माहीत नाही, मी आज पाहिलं. मला माहीत आहे, पण मी आत होते. आणि टोपीची गाठ..." तिने फडक्याकडे बोट केलं. "चाळीस वर्षं बाबा ओढ, फिरव, दाब म्हणत राहिले. ऐकणारी मी एकटी नव्हते."

सूप थांबलं.

"मीच फिरवली," शांतीबाई म्हणाल्या. आवाज इतका हळू, की अंगणातल्या चिमण्या त्यावर चिवचिवल्या.

प्रेमिलाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "माझ्यासाठी केलंस? मला नाही दिला म्हणून?"

"तुह्यासाठी नाही बाई." शांतीबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "माह्यासाठी."

प्रेमिला तिच्यासमोर खाली बसली.

"तुहे बाबा झुडपात बसत. मी बोडीच्या पाण्यात उभी राहो. पहिल्या वर्षी पाखरं उडून गेली. दुसऱ्या वर्षी लांबून पाहत राहिली. मंग ओळखीची झाली. मी अर्घ्य सोडलं की तो नर पंख उघडे. मी तांब्या खाली केला की तुहे बाबा कॅमेरा दाबत. वेग त्याहिचा, वेळ माही." त्यांनी हातातला तांदूळ सुपात सोडला. "बावीस फोटो लागले तिथं. एकातही मी नाही. दर खेपेले म्हणत, शांती, बाजूले सरक, तुही सावली येऊन राहिली. मी सरको. माहा नवरा होता, त्याचं ऐकलं."

"आणि निशा..."

"भोगीले ती म्हणे, काकू, हात तेवढा राहू द्या, तुम्ही बाजूले सरका." शांतीबाईंनी आणखी एक खडा वेचला. "लेकराच्या मनात काही नव्हतं. पण यंदा नवरात्रात हळदीकुंकवाचं ताट दारावरून पुढं गेलं, ते सोसलं. अन् माह्याच अंगणात, माह्याच तुळशीपाशी, तिच्या तोंडून त्याहिचे शब्द! त्याहिचं ऐकलं, तिचं कायले ऐकू? ती गुजरीत गेली, ओमेश मोबाईल पाहत होता. मी रीळ ओढलं, चकती उचलली. पाचशेवरून तीसवर. चार टिचक्या. सैल नाडीची टोपी घट्ट बांधून ठेवली. मले वाटलं, बाई, तुले दिसू देणार नाही ते मी. रेघा दिसू दे तुले."

"मग परत दाबलं कशाला, आई? तसंच ठेवलं असतं तर कोरी फ्रेमच आली नसती. कोणालाही कळलं नसतं."

शांतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. जणू तिने फारच भलतं विचारलं होतं.

"रातभर ओढलेलं ठेवलं तं आतली स्प्रिंग थकते नं," त्या म्हणाल्या. "तुहे बाबा रागावत."

प्रेमिलाला हसू आलं आणि ते हसू रडण्यात गेलं. तिने हाताने डोळे पुसले.

"मला पण गार वाटलं होतं आई," प्रेमिला म्हणाली. "रीळ काळं आलं तेव्हा."

शांतीबाईंनी मान हलवली. त्यांना ते माहीत असावं.

"आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी त्याहिनं माहा हात धरला. म्हणे, निशाच्या हाती कॅमेरा चालंल, पण पाखरं तुले ओळखतात. दर वर्षी तिले बोडीवर ने. मी हो म्हटलं. तोंडानं म्हटलं. संक्रांतीले पहाटे ती दारावरून गेली. मी ओसरीत होती, मौनात. हात वर केला असता तं थांबली असती. नाही केला मी." त्यांनी पदराने सूप पुसलं, जणू तिथे काही सांडलं होतं. "निशाले तू नको सांगू. मी सांगीन."

"कधी? परवा सप्तमी आहे."

"सप्तमीपर्यंत संक्रांतच असते," शांतीबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हलू लागलं.

त्या संध्याकाळी प्रेमिलाने निशाला दुसऱ्यांदा फोन लावला. "सप्तमीला उजाडायच्या आधी बोडीवर ये. नवं रीळ कॅमेऱ्यात असेल."

"तू येऊन राहिली?"

प्रेमिलाच्या जिभेवर 'हो' आलं होतं. बोडी, झुडूप, कॅमेरा, ते पहिलं ऊन, सगळं तिला हवं होतं. अजूनही हवं होतं.

"मी नाही," ती म्हणाली. "जागा माहीत असणारी येईल. तिचं ऐक. आणि निशा, तिला बाजूला सरक म्हणू नकोस."

५

रथसप्तमीच्या पहाटे कोंबडा आरवायच्या आधी प्रेमिलाला जाग आली. डोळे न उघडता ती पडून राहिली.

ओसरीत पितळी तांब्याचा आवाज झाला. मग टेबलाचा खण सरकला. मग बराच वेळ काहीच नाही.

मग रीळ ओढल्याची कुरकुर.

आधी रीळ, प्रेमिलाने मनात म्हटलं. आता चकती.

चकती वर उचलली गेली. टिच्. साठ. टिच्. सव्वाशे. टिच्. अडीचशे. चौथी टिचकी यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात प्रेमिलाने श्वास घेतला नाही.

टिच्.

तिने पापण्या किंचित उघडल्या. दिव्याच्या उजेडात शांतीबाई कॅमेऱ्याला छत्रीच्या कापडाची टोपी चढवत होत्या. सवयीने त्यांची बोटं नाडीला गाठ मारायला गेली, पहिला वेढा पडलासुद्धा. त्या थांबल्या. वेढा सोडला. मग शाळेत पहिल्यांदा बुटाची नाडी बांधणाऱ्या मुलीसारखा, दोनदा चुकत, त्यांनी एक सरकफास दिला. एका बोटाने ओढून पाहिला. सुटला. पुन्हा दिला.

कॅमेरा पदराआड धरून, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन, काही न बोलता त्यांनी कडी काढली आणि बोडीच्या वाटेला लागल्या.